घरगुती बिनतारी जाळे व इंटरनेट जोडणी : मुंबई

घरातील फोन, संगणक, टीव्ही इत्यादी उपकरणे रेडिओलहरींनी राउटरशी आणि राउटरमार्फत सेवा पुरवठादाराच्या वाहिनीशी जोडण्याची व्यवस्था. राउटरचे एक तोंड घराकडे, तर दुसरे रस्त्याकडे असते. या दोन बाजूंची सुसंगतता हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

घराकडील बाजू, म्हणजे वाय-फाय, आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ८०२.११ या मानकाने (१९९७) बांधलेली आहे. त्याच्या नव्या आवृत्त्या सहसा जुन्या उपकरणांनाही सामावून घेतात, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही बहुधा नव्या राउटरला जोडला जातो. अडचण येते ती मुख्यतः दोन ठिकाणी. केवळ २.४ गिगाहर्ट्‌झ या कंप्रतेच्या पट्ट्यावर चालणाऱ्या उपकरणाला, उदा., अनेक स्मार्ट दिव्यांना, ५ गिगाहर्ट्‌झचे जाळे दिसतच नाही. आणि राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही सुरक्षापद्धती ठेवल्यास जुने फोन पासवर्ड बरोबर असूनही नाकारले जातात. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ मध्ये, तर ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तृत पट्टा २०१८ मध्ये परवानामुक्त झाला.

रस्त्याकडील बाजू मात्र पुरवठादाराच्या ताब्यात असते. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा टेलिफोनची तार आणि डायल-अप मोडेम पुरेसे होते. पुढे त्याच तांब्याच्या तारेवर एडीएसएल हे अधिक वेगाचे ब्रॉडबँड आले. आता घरापर्यंत प्रकाशतंतू येतो आणि ओएनटी या, प्रकाशसंकेतांचे विद्युत्‌संकेत करणाऱ्या, पेटीत संपतो; एडीएसएल मोडेमला तो लावता येत नाही. ओएनटीचा अनुक्रमांक पुरवठादाराच्या यंत्रणेत नोंदवावा लागत असल्याने लॅमिंग्टन रोडवरून, म्हणजे मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाजारातून, स्वतः आणलेली पेटी त्या नोंदणीवाचून निरुपयोगी ठरते. राउटर मात्र आपला वापरता येतो : तो ओएनटीला नेटवर्क केबलने जोडून, लागत असल्यास, पीपीपीओई (पुरवठादाराच्या जाळ्यात प्रवेशाची पद्धत) नाव व पासवर्ड त्यात भरावा लागतो. दोन्ही पेट्या एकाच वेळी राउटरचे काम करू लागल्या, तर ऑनलाइन खेळ व घरचे कॅमेरे अडखळतात. अशा वेळी ओएनटी ब्रिज पद्धतीवर ठेवतात, म्हणजे तो राउटरचे काम सोडून संकेत फक्त पुढे देतो.

मुंबईत अर्ज करण्याआधी वेगापेक्षा इमारतीची चौकशी करणे शहाणपणाचे ठरते. अनेक वस्त्यांत वाहिनी गच्चीवरून गच्चीवर नेलेली असते आणि शेवटचा टप्पा स्थानिक केबलवाला सांभाळतो; सोसायटीत नवी वाहिनी आणायची, तर समितीची परवानगी लागते. ओळख व पत्ता यांचे पुरावे द्यावे लागतात, भाडेकरूस बहुधा भाडेकरारही.

वास्तुरचनेचा परिणामही मोठा असतो. चाळीतील लाकडी आडभिंतींमधून लहरी सहज जातात, पण शेजाऱ्यांच्याही येतात; २.४ गिगाहर्ट्‌झवर एकमेकांवर न चढणारे कंप्रतेचे उपपट्टे (चॅनेल) १, ६ व ११ असे तीनच धरले जात असल्याने एकाच मजल्यावर दहा-बारा राउटर असले की वेग घसरतो. नव्या टॉवरमधील सळयांच्या काँक्रीट भिंती नेमके उलटे करतात : शेजाऱ्यांचा उपद्रव थांबतो, पण ५ गिगाहर्ट्‌झची लहर आतल्या खोलीत पोचेपर्यंत क्षीण होते. तेथे महागडी योजना घेण्याऐवजी केबल ओढून दुसरा राउटर बसवणे अधिक उपयोगी पडते.