निळ्या ठिपक्याला पूल कळत नाही

वाकडला बहिणीकडे जाण्याच्या वाटेवर, बायपासला, एक जागा अशी आहे की पूल चढायचा की खालच्या सर्व्हिस रोडने जायचं हे आयत्या वेळी ठरवावं लागतं. फोनमधली बाई म्हणते, "सरळ जा." दोन्ही रस्ते सरळच जातात. मी अंदाजाने पूल चढतो आणि तीनात एकदा तरी चुकतो. वर गेल्यावर फोनकडे पाहावं तर निळा ठिपका खुशाल खालच्या रस्त्यावरून चाललेला असतो.

फोन बिघडलेला नसतो. त्याला खरंच कळत नाही, आणि का कळत नाही हे समजायला थेट वर जावं लागतं.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून फिरताना एकच गोष्ट सतत सांगत असतात: मी अमुक, मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत. फोन त्यांना काही विचारत नाही, नुसतं ऐकतो. संदेश केव्हा निघाला आणि केव्हा पोहोचला यातल्या फरकाला प्रकाशाच्या वेगाने गुणलं की उपग्रहाचं अंतर मिळतं. अगदी डोक्यावरच्या उपग्रहाकडून संदेश यायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो. तीन अंतरं कळली की जागा ठरायला हवी, पण फोनमधलं घड्याळ स्वस्तातलं असतं आणि वेळेत एका मायक्रोसेकंदाची चूक झाली की अंतर 300 मीटरने चुकतं. फोनच्या घड्याळाची चूक शोधायला म्हणून चौथा उपग्रह लागतो.

वरची घड्याळं मात्र अणुघड्याळं. तीही आइनस्टाइनच्या तावडीतून सुटत नाहीत. वेगामुळे ती दिवसाला 7 मायक्रोसेकंद मागे पडतात आणि तिथे गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात. वजाबाकी करून 38 उरतात. तेवढं दुर्लक्ष केलं असतं तर अंतराच्या हिशेबात दिवसाला 11 किलोमीटरचा घोळ झाला असता. म्हणून ही घड्याळं जमिनीवर असतानाच मुद्दाम किंचित हळू लावून वर पाठवतात. बहिणीचं घर सापडावं म्हणून सापेक्षतावाद कामाला लावलाय, ही गोष्ट मला अजूनही गमतीची वाटते.

तर पूल. मोकळ्या आकाशाखाली फोनची चूक साधारण 5 मीटरची. पण ही झाली आडवी चूक. आपल्या चहूबाजूंना उपग्रह असतात, त्यामुळे आडव्या चुका एकमेकींना सावरून घेतात. उंचीच्या बाबतीत तशी सोय नाही, कारण सगळे साक्षीदार वरच्याच बाजूला; खालच्या उपग्रहांच्या आड अख्खी पृथ्वी येते. त्यामुळे उंचीतली चूक मोठी, आणि पूल जेमतेम पाच-सहा मीटर उंच. तो त्या चुकीतच बुडून जातो. शेजारी उंच इमारती असल्या तर संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतात, मग आडवा हिशेबही बिघडतो.

तरीही ठिपका कायम रस्त्याच्या मधोमध दिसतो. हा चक्क मेकअप आहे. उपग्रहांनी दिलेली जागा एखाद्याच्या अंगणातही पडू शकते. फोनमधलं सॉफ्टवेअर ती उचलून जवळच्या रस्त्यावर चिकटवतं. उपग्रहाला रस्ता ठाऊकच नसतो. रस्ता असतो नकाशात. त्यामुळे वाट शोधायला 'उपग्रह बरा की कागदी नकाशा' हा वाद मला पोकळ वाटतो. फोनमध्येही नकाशाच आहे, आणि नकाशा जुना किंवा अपुरा असला तर उपग्रह काय करणार? जानेवारी 2021 मध्ये पुण्याहून कळसूबाईकडे निघालेली एक गाडी अकोले तालुक्यात कोतूळजवळ रात्री धरणाच्या पाण्यात गेली आणि चालकाचा जीव गेला. फोनच्या नकाशात तिथे पूल होता. प्रत्यक्षातही होता, फक्त पाण्याखाली. गावातल्या कोणीही हात करून गाडी थांबवली असती.

खरा फरक वेगळा आहे. कागदी नकाशा उघडला की पहिलं काम म्हणजे त्यात स्वतःला शोधणं: ही नदी, हा रेल्वेचा रूळ, म्हणजे आपण इथे. फोन हे काम आपल्याकडून काढून घेतो. आणि मेंदूला नेमकं तेच काम लागतं.

लंडनच्या काळ्या टॅक्सीच्या चालकांना परवान्यासाठी चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या एलेनॉर मॅग्वायर यांनी 2000 साली दाखवलं की या चालकांच्या मेंदूत हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे जागा आणि वाटा लक्षात ठेवणाऱ्या भागाचा, मागचा हिस्सा इतरांपेक्षा मोठा असतो. मग शंका आली: हे नुसत्या गाडी चालवण्यामुळे तर नसेल? म्हणून 2006 मध्ये त्यांच्या गटाने टॅक्सीवाल्यांची तुलना लंडनच्याच बसचालकांशी केली. रहदारी तीच, शहर तेच. बसचालकांमध्ये तो फरक सापडला नाही. त्यांचा मार्ग आधीच ठरलेला असतो, त्यांना तो शोधावा लागत नाही. मला वाटतं, फोन लावून गाडी चालवणारे आपण सगळे बसचालकच झालोय. 2017 मध्ये लंडनच्याच सोहो भागातल्या गल्ल्यांवर 24 जणांचा प्रयोग झाला. स्वतः वाट शोधताना नव्या गल्लीत शिरलं की हिप्पोकॅम्पस जागा होई, फाटे जास्त तितका जास्त. यंत्राच्या सूचना पाळताना ही हालचाल दिसली नाही. फोनमुळे मेंदू आक्रसतो असं यातून सिद्ध होत नाही, तसं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. त्या वेळी तो काम करत नाही, एवढंच.

आणि फोन टाकून द्या असंही मी म्हणणार नाही. पुढे तीन किलोमीटर गाड्या तुंबल्यात हे कोणत्याही छापील नकाशाने आजवर सांगितलेलं नाही.

दिवाळीत भाच्याने कागद पुढे केला. "मामा, तुझ्या घरापासून आमच्याकडे यायचा रस्ता काढून दाखव." सहा वर्षं येतोय, तीसेक फेऱ्या तरी झाल्या असतील. मी बायपास काढला, एक पूल काढला आणि थांबलो. पुढे डावीकडे वळतो हे आठवत होतं, कशाच्या अलीकडे ते नाही. त्याने पेन्सिल घेतली आणि स्वतःच्या शाळेच्या बसचा रस्ता काढला, वाटेतल्या दोन मेडिकल दुकानांसकट.

आता निघण्याआधी मी फोनवरच नकाशा उघडतो, उत्तर वर ठेवून, लहान करून, घर ते घर एका नजरेत येईल असा. मुळा नदी कुठे ओलांडायची ते पाहतो आणि फोन खिशात टाकतो. गेल्या रविवारी दोनदा चुकलो, वीस मिनिटं उशीर झाला. पोहोचल्यावर भाच्याकडून तो कागद मागून घेतला आणि पुलाच्या पायथ्याशी एक पेट्रोल पंप काढला. पंप दिसायच्या आत डावीकडे सरकलं की सर्व्हिस रोड.