दहावा, अकरावा, बारावा: रिसीव्हर घडतो कुठे?

२८ एप्रिल २०२२ रोजी लास वेगासमध्ये एनएफएलचा, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, नव्या खेळाडूंच्या निवडीचा ड्राफ्ट सुरू होता. दहाव्या क्रमांकावर न्यूयॉर्क जेट्सनी गॅरेट विल्सनला घेतलं, अकराव्यावर न्यू ऑर्लिन्स सेंट्सनी ख्रिस ओलावेला आणि बाराव्यावर डेट्रॉइट लायन्सनी जेमसन विल्यम्सला. तिघेही रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे. २०२० च्या मोसमात तिघेही ओहायो स्टेट विद्यापीठाच्या एकाच संघात, ब्रायन हार्टलाइन या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली होते. त्याच चमूत तेव्हा पहिल्या वर्षाला असलेला जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, पहिल्याच फेरीत विसावा निवडला गेला.

एका प्रशिक्षकाच्या एका वर्षाच्या चमूतून पहिल्या फेरीचे चार खेळाडू निघाले. हे पाहिल्यावर मनात येणारा प्रश्न साधा आहे: हार्टलाइनने या मुलांना घडवलं, की घडण्याजोगी मुलंच त्याच्याकडे आली? उत्तर शोधायला गेलं की हा प्रश्न खेळापुरता राहत नाही. औषधाचा गुण आला की रोगी आपोआप बरा झाला, हे ठरवताना संशोधकांना जी अडचण येते तीच इथेही आहे. म्हणून मला हा विषय फार मोलाचा वाटतो.

खेळाची तोंडओळख आधी करून घेऊ. अमेरिकी फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला ११ खेळाडू असतात. मैदान १०० यार्ड लांब आणि ५३ यार्डांहून किंचित जास्त रुंद असतं, शिवाय दोन्ही टोकांना दहा-दहा यार्डांचा पट्टा. त्या पट्ट्यात चेंडू नेला की टचडाउन. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर बचावपटूला चुकवून तो झेलतो. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजमधून व्यावसायिक संघात जाण्याचा दरवाजा. आयपीएलच्या लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. आदल्या मोसमात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याची पाळी पहिली. ३२ संघ, सात फेऱ्या. पाळ्यांची आपसांत अदलाबदल करता येते. विल्यम्ससाठी लायन्सनी ३२ व्या पाळीवरून १२ व्यावर उडी मारली होती. कॉलेजमध्ये खेळणाऱ्यांपैकी व्यावसायिक संघांपर्यंत पोहोचतात जेमतेम दीड टक्का, असं कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएए सांगते.

आता विल्यम्सचे आकडे पाहा. ओहायो स्टेटमध्ये दोन वर्षांत त्याचे झेल १५ आणि यार्ड, म्हणजे त्या झेलांवर कमावलेलं अंतर, २६६. २०२१ मध्ये तो अलाबामा विद्यापीठात गेला आणि त्या एका मोसमात त्याने ७९ झेल, १,५७२ यार्ड आणि १५ टचडाउन केले. मुलगा तोच, पाय तेच. बदलला तो संघ, आणि त्याच्याकडे किती चेंडू येणार हे ठरवणारा माणूस.

रिसीव्हरचा आकडा त्याच्या एकट्याचा कधीच नसतो. फेकणारा कसा आहे, डाव कोण आखतो, शेजारी कोण धावतोय, समोर कोणता बचाव आहे, हे सगळं त्या एका आकड्यात मिसळलेलं असतं. याचं सर्वांत ठळक उदाहरण लुइझियाना स्टेट विद्यापीठाचं आहे. २०१८ मध्ये तिथल्या जो बरो या क्वार्टरबॅकने १६ टचडाउन पास दिले. २०१९ च्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून जो ब्रेडी हा तरुण प्रशिक्षक तिथे आला, पासिंगच्या डावांची नवी मांडणी झाली आणि बरोने त्या मोसमात ६० टचडाउन पास दिले. संघ १५ पैकी १५ सामने जिंकला. जस्टिन जेफरसन ५४ झेलांवरून १११ वर गेला. जमार चेस पहिल्या वर्षी ३१३ यार्डांवर होता, तो १,७८० यार्डांवर पोहोचला. सगळं श्रेय ब्रेडीला देण्याचा मोह होतो, पण त्याच वर्षी बरोचा त्या संघातला दुसरा मोसम होता आणि चेस एका वर्षाने मोठा झाला होता. तीन गोष्टी एकदम बदलल्या की त्यांपैकी एकीचा वाटा वेगळा काढता येत नाही.

एनएफएलच्या संघांना हे कळतं, आणि इथेच ते उलट्या बाजूनेही फसतात. २०१९ मध्ये जेफरसनला बहुतेक वेळ मैदानाच्या आतल्या बाजूने, स्लॉटमधून खेळवलं गेलं. तिथे बचावपटू जरा दूर उभा असतो आणि सुटायला दोन्ही बाजू मोकळ्या असतात. साहजिकच शंका निघाली की हे झेल मुलाचे की जागेचे? २०२० च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी चार रिसीव्हर घेतले गेले आणि मिनेसोटा व्हायकिंग्जनी त्याला बाविसाव्या क्रमांकावर उचललं. पहिल्याच मोसमात त्याने १,४०० यार्ड केले. २०१८ मध्ये तो बाहेरच्या बाजूनेही खेळला होता, त्याचं चित्रण सगळ्यांकडे होतं. आकडे पद्धतीमुळे फुगलेले असू शकतात, हे बरोबर. पण पद्धत वजा केल्यावर खाली शून्यच उरणार, हे गृहीत धरणं चूक होतं.

पद्धत आकडे फुगवते तशी ती झाकतेही. जॉर्जिया टेकमध्ये पॉल जॉन्सन हे प्रशिक्षक ट्रिपल ऑप्शन नावाची पद्धत खेळवत. तिच्यात चेंडू हातात घेऊन धावण्यावर सगळा भर, पास क्वचितच. तिथल्या डेमेरियस थॉमसचे २००९ मध्ये झेल होते फक्त ४६, पण दर झेलामागे सरासरी २५ यार्डांची. डेन्व्हर ब्रॉन्कोजनी त्याला २०१० मध्ये बाविसावा निवडला. पुढे २०१४ मध्ये त्याने एका मोसमात १,६१९ यार्ड केले. याच्या अगदी उलट बेलर विद्यापीठाची पद्धत. रिसीव्हरना टोकापर्यंत पसरवायचं, झपाट्याने डाव टाकायचे आणि मोजकेच मार्ग, म्हणजे रिसीव्हरच्या धावण्याच्या आधीच ठरलेल्या वाटा, धावायचे. तिथल्या कोरी कोलमनने २०१५ मध्ये २० टचडाउन केले, तो पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, आणि एनएफएलमध्ये त्याचा जम बसला नाही. त्याला दुखापतींनीही गाठलं, तेव्हा दोष एकट्या पद्धतीचा म्हणता येणार नाही. तरी कॉलेजात न शिकवलेले मार्ग व्यावसायिक संघात येऊन शिकायचे, तेही जगातल्या सर्वोत्तम बचावपटूंसमोर, हे ओझं त्याच्या खांद्यावर होतंच.

मार्ग शिकवायचे म्हणजे नेमकं काय शिकवायचं? मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो, कारण इथे प्रशिक्षकाचं काम थेट भौतिकशास्त्रात उतरतं.

समजा रिसीव्हर सेकंदाला ८ मीटर वेगाने सरळ धावतोय आणि त्याला तीन मीटरांत थांबून मागे वळायचं आहे. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट, हे शाळेतलं सूत्र लावलं तर त्याचं मंदन, म्हणजे वेग कमी होण्याचा दर, सेकंद-वर्गाला साडेदहा मीटरच्या थोडं वर येतं. गुरुत्वाकर्षणाचं त्वरण ९.८. म्हणजे थांबताना जमिनीने त्याला मागे ढकललं पाहिजे ते त्याच्या स्वतःच्या वजनाहून जास्त जोराने, आणि शिवाय त्याचं वजनही तोललं पाहिजे. हा भार दोन-तीन पावलांत, एका वेळी एका पायावर येतो. मांडीचे पुढचे स्नायू तेव्हा ताणले जात असतानाच बळ लावत असतात. वेग घेण्यापेक्षा हे काम वेगळं आहे, आणि त्याचा सराव वेगळा करावा लागतो.

आता बचावपटूची बाजू. समोरचा थांबतोय हे दिसल्यापासून स्वतःचे पाय थांबवायला सुरुवात होईपर्यंत माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो. तेवढ्यात ८ मीटर वेगाने तो १.६ मीटर पुढे निघून जातो. पुढे दोघे सारख्याच ताकदीने थांबले तरी ही फट उरतेच. रिसीव्हरची कमाई ती एवढीच, आणि अनुभवी क्वार्टरबॅकला तेवढी पुरते.

पण बचावपटू मूर्ख नसतो. तो रिसीव्हरच्या डोळ्यांकडे किंवा खांद्यांकडे बघत नाही, कमरेकडे बघतो, कारण कंबर खोटं बोलू शकत नाही. थांबायचं तर शरीराचा गुरुत्वमध्य खाली आणि मागे न्यावाच लागतो. कच्चा रिसीव्हर वळणाच्या तीन-चार पावलं आधीच ताठ होतो, पावलं बारीक करतो, हात फिरवायचं थांबवतो. बचावपटूला आगाऊ खबर मिळते आणि ती दीड मीटरची फट मिटते. चांगला प्रशिक्षक याच खुणा पुसतो. कंबर शेवटच्या क्षणी आणि झटकन खाली घ्यायची, तोवर हात धावण्याच्याच तालात ठेवायचे, आणि रिसीव्हरच्या ठरलेल्या नऊही मार्गांची सुरुवात हुबेहूब सारखी दिसेल असं धावायचं. स्वतः सात मोसम एनएफएल खेळलेला, सलग दोन मोसमांत हजारावर यार्ड केलेला हार्टलाइन शिकवत होता ते हेच. तो स्वतः चौथ्या फेरीत निवडला गेलेला होता. अशा खेळाडूला लीगमध्ये टिकायचं तर फट स्वतः तयार करावी लागते.

या कौशल्याचं माप मात्र ड्राफ्टपूर्वीच्या चाचणीत नीट मिळत नाही. इंडियानापोलिसमध्ये होणाऱ्या कंबाइनमध्ये सर्वांत गाजतो तो ४० यार्डांचा सरळ धावण्याचा वेळ. २०१७ मध्ये जॉन रॉसने ४.२२ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम केला आणि तो नववा निवडला गेला. त्याच वर्षी ईस्टर्न वॉशिंग्टनसारख्या छोट्या विद्यापीठाचा कूपर कप ४.६२ सेकंदांत धावला आणि ६९ वा गेला. कपने २०२१ मध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत लीगमध्ये पहिला क्रमांक पटकावला. रॉसची कारकीर्द फुललीच नाही.

यावरून वेग बिनकामाचा, असं कोणी म्हणू नये. कंबाइनला बोलावले जातात तेच मुळी वेगवान असतात, त्यामुळे त्यांच्या आपसांतल्या फरकाचा यशाशी संबंध क्षीण दिसतो. संख्याशास्त्रात याला कक्षा आक्रसणं म्हणता येईल. दुसरी गंमत अशी की संथ असूनही ज्याला बोलावणं आलं, त्याच्याकडे दुसरं काहीतरी जबरदस्त असणार. नाहीतर तो तिथे पोहोचलाच नसता. अँक्वान बोल्डिन २००३ मध्ये ४.७ सेकंदांच्या वर धावला आणि पहिल्याच मोसमात त्याने १०१ झेल घेतले. निवडून आलेल्या गटात गुणांची अशी उलटी सांगड दिसते, पण ती निवडीच्या चाळणीने तयार केलेली असते.

पद्धतीचा प्रभाव धुऊन काढण्यासाठी विश्लेषक वाटा मोजतात: संघाच्या एकूण पासिंग यार्डांपैकी या मुलाचे किती? फुगवटा सगळ्या संघाचा असेल तर भागाकारात तो निघून जातो. कल्पना चांगली आहे, पण ओहायो स्टेटपुढे ती अडखळते. २०२१ मध्ये तिथे स्मिथ-एन्जिग्बाने १,६०६ यार्ड केले, विल्सनने १,०५८ आणि ओलावेने ९३६. तीन उत्तम रिसीव्हर एकाच ताटात जेवत असतील तर प्रत्येकाचा वाटा लहानच दिसणार. संघांनी वाट्यावर विसंबून न राहता चित्रण पाहिलं, म्हणून ओलावे अकरावा गेला. पहिल्या मोसमात विल्सनने १,१०३ आणि ओलावेने १,०४२ यार्ड केले.

मग हार्टलाइनचं श्रेय किती? ओहायो स्टेटकडे देशातली सर्वांत नावाजलेली शाळकरी मुलं येतात. मार्विन हॅरिसन ज्युनियर २०२४ मध्ये चौथा निवडला गेला, पण त्याचे वडील हॉल ऑफ फेममधले रिसीव्हर आहेत. त्याचं शिक्षण घरातच सुरू झालं असणार. शिवाय यशस्वी नावांच्या यादीत न आलेली मुलंही मोजली पाहिजेत. स्मिथ-एन्जिग्बाच्याच तुकडीत देशातला अव्वल मानला गेलेला दुसरा एक रिसीव्हर होता, तो पहिल्या फेरीपर्यंत पोहोचला नाही. प्रशिक्षण तेच, फळ वेगळं.

दुसऱ्या पारड्यात ओलावे आहे, शाळेत असताना फारसा न गाजलेला. आणि टेरी मॅकलॉरिन आहे. त्याने कॉलेजच्या शेवटच्या मोसमात, २०१८ मध्ये, जेमतेम ३५ झेल घेतले. रिसीव्हरच्या चमूची सूत्रं हार्टलाइनकडे आली ती त्याच वर्षी. मॅकलॉरिन तिसऱ्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्याच मोसमात त्याने ९१९ यार्ड केले. माझा कौल असा: गुणी मुलं मिळवण्यात विद्यापीठाच्या नावाचा वाटा मोठा, पण मुलं एनएफएलमध्ये पहिल्या आठवड्यापासून तयार दिसतात ती शिकवणीमुळे. आकडे पद्धतीबरोबर मागे राहतात. थांबण्याची कला मुलाबरोबर पुढे जाते.

इतकं सगळं चाळूनही निवड अवघडच राहते. रिचर्ड थेलर आणि केड मॅसी या अभ्यासकांनी ड्राफ्टची जुनी आकडेवारी तपासली. एखादा खेळाडू त्याच्याच जागेवरच्या, त्याच्यानंतर लगेच निवडलेल्या खेळाडूपेक्षा सरस निघण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त आहे, असं त्यांना आढळलं. २०२३ मध्ये पाचव्या फेरीत १७७ वा निवडलेला पुका नाकुआ पहिल्याच मोसमात १,४८६ यार्ड करून नवोदितांचा विक्रम मोडतो, तेव्हा हा निष्कर्ष पटतो.

आता अभ्यासकांच्या हाती एक नवं साधन आलं आहे. २०२१ पासून कॉलेज खेळाडूला एकदा विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली, आणि नंतर ती आणखी सैल झाली. त्यामुळे एकच रिसीव्हर दोन प्रशिक्षकांकडे, दोन पद्धतींत खेळल्याची उदाहरणं दरवर्षी वाढताहेत. विल्यम्स त्यांतला पहिल्या लाटेतला. दोन्ही ठिकाणी टिकलेलं ते मुलाचं आणि बदललेलं ते संघाचं, अशी फोड आता करता येते. फक्त एक पथ्य पाळावं लागतं: विद्यापीठ बदलणारा मुलगा चिठ्ठी उचलून जात नाही, आपल्याला जिथे जास्त चेंडू मिळतील तिथेच जातो, आणि ती निवडही हिशेबात धरावी लागते.