ऑक्टोबर बेसबॉल आणि देशभरचा टीव्ही प्रेक्षक

अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलचे प्लेऑफ, ज्याला तिकडे पोस्टसीझन किंवा नुसतं 'ऑक्टोबर' म्हणतात, ते ज्यांची टीम त्यात नाहीच आहे अशा लोकांनाही टीव्हीसमोर बसवायचं, हा तिथल्या टीव्ही धंद्यातला खूप जुना आणि खरोखर अवघड उद्योग आहे. अवघड का, तर बेसबॉल हा पाहणाऱ्याच्या दृष्टीने आपापल्या शहराचा खेळ आहे. लीगमध्ये ३० टीम, प्रत्येकीच्या १६२ मॅच, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर जवळपास रोज एक, आणि त्यातल्या बहुतेक मॅच त्या त्या भागातल्या चॅनलवर लागतात, त्याच ओळखीच्या कॉमेंटेटरच्या आवाजात. त्यामुळे सेंट लुईसच्या माणसाला स्वतःच्या टीमचा आठव्या नंबरचा बॅटरसुद्धा नीट माहीत असतो आणि सिअ‍ॅटलच्या टीममध्ये कोण खेळतंय हे सांगता येत नाही. रोजच्या मालिकेसारखं आहे हे, आपली मालिका सोडून दुसऱ्याची कोणी बघत नाही.

मग ऑक्टोबर उजाडतो. २०२२ पासूनच्या पद्धतीत १२ टीम पुढे जातात, म्हणजे १८ टीमचे फॅन पहिल्याच दिवशी मोकळे, आणि प्रत्येक राऊंडला अजून शहरं गळत जाऊन शेवटी वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला, दोनच उरतात. मॅचेस आता देशभराच्या चॅनलवर असतात, जाहिरातीचे दर वाढलेले असतात, आणि ज्या घरातली टीम बाहेर पडली तिथला माणूस रविवारी अमेरिकन फुटबॉल लावायला मोकळा असतो, तो सीझन तेव्हा ऐन भरात असतो. या माणसाला बेसबॉलवर कसं थांबवायचं यावर ७५ हून जास्त वर्षं डोकं लढवलं गेलंय आणि त्यातून जे टिकलं ते एकच दिसतं, की लोक टीम बघायला थांबत नाहीत, गोष्ट बघायला थांबतात. कोण किती वर्षं वाट बघतंय, कोणाची ही शेवटची संधी आहे, कोण कोणाचा बदला घेतोय, एवढं कळलं की खेळाचे नियम अर्धवट माहीत असलेला माणूसही जागा राहतो.

सुरुवात बारमधून झाली

वर्ल्ड सिरीज टीव्हीवर पहिल्यांदा दिसली ती १९४७ ला, न्यूयॉर्क यांकीज विरुद्ध ब्रुकलिन डॉजर्स, आणि तीही न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया, वॉशिंग्टन, स्केनेक्टडी एवढ्याच पट्ट्यात. घरोघरी टीव्ही नव्हतेच, बघणारे बहुतेक लोक बारमध्ये गर्दी करून बघायचे. जाहिरातीचे हक्क जिलेट आणि फोर्ड यांनी मिळून ६५,००० डॉलरला घेतले. एक बिअर कंपनी १ लाख डॉलर द्यायला तयार होती, पण तेव्हाचे कमिशनर, म्हणजे लीगचे प्रमुख, हॅपी चँडलर यांनी वर्ल्ड सिरीजवर बिअरचं नाव नको म्हणून ती ऑफर नाकारली. जिलेट १९३९ पासून रेडिओवरच्या वर्ल्ड सिरीजची प्रायोजक होतीच, दाढीचं ब्लेड ही देशातल्या प्रत्येक पुरुषाला लागणारी वस्तू, आणि वर्षातून एकदा इतके पुरुष एकाच वेळी एकच गोष्ट ऐकतायत हे त्यांनी सगळ्यात आधी ओळखलं. १९५१ ला जायंट्स आणि डॉजर्स यांच्यातली, बरोबरी फोडायला खेळवलेली टायब्रेकर सिरीज किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत लाइव्ह दिसली आणि बॉबी थॉमसनचा शेवटच्या इनिंगमधला होमरन (क्रिकेटच्या सिक्सरसारखा फटका) कॅलिफोर्नियातल्या लोकांनीही त्याच क्षणी बघितला. देशभरचा प्रेक्षक म्हणतात तो तिथून तयार झाला.

रात्रीची वेळ

१९७१ पर्यंत वर्ल्ड सिरीज दुपारी व्हायची. लोक ऑफिसात, पोरं शाळेत, चोरून रेडिओ ऐकणं चालायचं. १३ ऑक्टोबर १९७१ ला पिट्सबर्गमध्ये पायरेट्स–ओरिओल्स सिरीजची चौथी मॅच पहिल्यांदा रात्री खेळवली गेली, कमिशनर बोवी कून यांचा त्याला जोर होता, आणि सुमारे ६.१ कोटी लोकांनी ती बघितल्याचा अंदाज आला. एवढा आकडा आल्यावर दुपारची वेळ कोण ठेवणार? हळूहळू सगळंच प्राइमटाइमला सरकलं, आणि वर्ल्ड सिरीजची शेवटची दिवसाची मॅच १९८७ ची, तीही मिनियापोलिसच्या छत असलेल्या स्टेडियममध्ये.

याची किंमत मात्र मोजावी लागली, आणि माझ्या मते ती फार मोठी होती. पूर्व किनाऱ्यावर साडेआठला सुरू झालेली मॅच मध्यरात्रीनंतर संपायची, म्हणजे ज्या वयात खेळाचं वेड लागतं त्या वयाची पोरं नेमक्या शेवटच्या इनिंगला झोपलेली. वेळ लवकर केली तर पश्चिम किनाऱ्यावर लोक अजून ऑफिसातून घरी पोचलेले नसतात, कारण तीन तासांचा फरक आहे. दोन्ही टोकांना एकदम खूश करणारी वेळ घड्याळात नाहीच. २००९ ला वर्ल्ड सिरीजची सुरुवात आठच्या जरा आधी आणली, आताही पूर्वेकडे आठच्या आसपासच पहिला बॉल पडतो, म्हणजे भारतात दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच. न्यू जर्सीतल्या मराठी घरात जी मॅच जेवणानंतरची, ती बे एरियातल्या मराठी घरात संध्याकाळच्या चहाची असते.

कॅमेरा चेहऱ्यावर

प्लेऑफ देशाला विकण्यातला सगळ्यात मोठा शोध जाहिरात एजन्सीत लागला नाही, कॅमेऱ्यामागे लागला. १९७५ च्या वर्ल्ड सिरीजची सहावी मॅच, बॉस्टनचं फेनवे पार्क, रेड सॉक्स विरुद्ध सिनसिनाटी रेड्स, १२ वी इनिंग (एरवी मॅच नऊचीच, बरोबरी झाली की पुढे चालते), मध्यरात्र उलटून गेलेली. कार्लटन फिस्कने बॉल डाव्या बाजूला उंच मारला. कॅमेरामन लू जेरार्ड स्कोअरबोर्डच्या आत बसला होता, आणि काम ठरलेलं होतं की बॉलच्या मागे जायचं. पण त्याच्या सांगण्यानुसार शेजारी एक उंदीर आला होता, त्यामुळे कॅमेरा हलला नाही, फिस्कवरच राहिला. आणि देशाने काय बघितलं, तर एक माणूस पहिल्या बेसकडे उड्या मारत जातोय आणि दोन्ही हातांनी बॉलला विनवतोय की आत रहा, आत रहा, आणि बॉल फाऊल पोलला, म्हणजे मैदानाची हद्द दाखवणाऱ्या खांबाला (त्याला लागला तरी होमरनच), लागल्यावर तो वेडा होऊन नाचतोय. ज्याला बॉस्टनशी काही देणंघेणं नाही त्यालाही ते कळलं. बॉल कुठे गेला यापेक्षा मारणाऱ्याच्या चेहऱ्यावर काय उमटलं हे दाखवायची पद्धत त्यानंतर पक्की झाली, आज प्लेऑफ मॅचमध्ये डगआऊटमधला मॅनेजर, स्टँडमध्ये देवाला हात जोडणारी आजी, बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर तयारी करतात तिथे, उठून उभा राहिलेला पिचर (बॉल टाकणारा), हे सगळं दोन पिचच्या, म्हणजे टाकलेल्या दोन बॉलच्या, मध्ये दिसत राहतं ते त्यामुळेच. बेसबॉलमध्ये दोन पिचच्या मध्ये रिकामा वेळ असतो अशी तक्रार होते, पण प्लेऑफमध्ये त्या रिकाम्या वेळातच सगळा ताण साठतो आणि चेहरे दाखवायला जागा मिळते.

दुसरं उदाहरण १९८८ चं. डॉजर्सचा कर्क गिब्सन दोन्ही पायांनी अधू, वर्ल्ड सिरीजच्या पहिल्या मॅचमध्ये नवव्या इनिंगला पिंच हिटर, म्हणजे बदली बॅटर, म्हणून लंगडत आला आणि होमरन मारून मॅच जिंकून दिली. एनबीसीवर कॉमेंट्रीला विन स्कली होते. बॉल प्रेक्षकांत पडल्यावर ते मिनिटभराहून जास्त वेळ एक शब्द बोलले नाहीत, फक्त गर्दीचा आवाज येऊ दिला. मार्केटिंगवाल्यांनी रोज सकाळी ही क्लिप बघावी असं मला मनापासून वाटतं.

चुकलेले प्रयोग पण आहेत. सगळ्यात वाईट १९९५ चा. आदल्या वर्षी संपामुळे वर्ल्ड सिरीज रद्दच झाली होती, फॅन चिडलेले, आणि अशात एबीसी, एनबीसी आणि लीग यांच्या संयुक्त 'बेसबॉल नेटवर्क'ने सुरुवातीच्या राऊंडच्या मॅच एकाच वेळी ठेवल्या आणि प्रत्येक भागाला त्यातली एकच दाखवली. म्हणजे जो एकमेव महिना देशाला एकत्र बसवायचा, त्यातच देशाचे तुकडे केले. ते नेटवर्क त्याच वर्षी बंद पडलं.

फॉक्सचा जमाना आणि पैशाचं गणित

१९९६ पासून फॉक्स आलं आणि २००० पासून प्रत्येक वर्ल्ड सिरीज त्यांच्याकडेच आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात सतत दिसणारी स्कोअरची पाटी, जोरदार आवाज, अगदी जवळून घेतलेले चेहरे, ही त्यांची स्टाइल. अमेरिकेत नव्या मालिका सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात, म्हणून प्लेऑफ हा चॅनलसाठी स्वतःच्याच मालिकांची जाहिरात करायचा महिना झाला, फॉक्सच्या मालिकेतले कलाकार स्टँडमध्ये बसलेले दिसायचे आणि कॉमेंटेटर त्यांची नावं घ्यायचे. २००७ ला टीबीएस चॅनलला पहिला राऊंड मिळाला तेव्हा त्यांनी त्यांच्या एका कॉमेडी शोचे प्रोमो इतके वेळा दाखवले की लोक वैतागले, आणि त्याच वर्षी कॉमेडियन डेन कूकला घेऊन केलेली 'ऑक्टोबर एकच असतो' या अर्थाची मोहीमही जुन्या फॅन्सना फार टोचली. ज्याला बेसबॉलचं प्रेम आहे त्याला ओरडून सांगावं लागत नाही आणि ज्याला नाही त्याला ओरडून पटत नाही. त्यामानाने टाको बेलची त्याच वर्षी सुरू झालेली योजना साधी आणि छान, वर्ल्ड सिरीजमध्ये कोणीही बेस चोरला (बॉल मारला जायची वाट न बघता पुढच्या बेसवर पळून पोचला) की देशात सगळ्यांना एक टाको फुकट. कुठल्याच टीमचा नसलेला माणूसही मग पळणाऱ्याकडे लक्ष ठेवतो.

चॅनलचा खरा जीव अडकलेला असतो सिरीज किती लांबते यात. सातपैकी चार जिंकायच्या, म्हणजे पाचवी, सहावी, सातवी मॅच होईलच याची खात्री नाही, आणि ज्या मॅच होतच नाहीत त्यांच्या जाहिरातीही लागत नाहीत. सीबीएसने १९९० ते ९३ साठी एक अब्ज डॉलरहून जास्त मोजले आणि पहिल्याच वर्षी सिनसिनाटीने ओकलंडला ४-० ने उडवलं, त्या कराराने चॅनलचं प्रचंड नुकसान केलं. उलट सिरीज लांबली की प्रेक्षक वाढत जातो, कारण तोपर्यंत अनोळखी खेळाडू ओळखीचे झालेले असतात.

मोठं शहर असलं की प्रेक्षक येतो हा समज अर्धाच खरा आहे. २००० ला यांकीज विरुद्ध मेट्स, दोन्ही टीम न्यूयॉर्कच्याच, आणि रेटिंग तोपर्यंतचं सगळ्यात कमी, कारण बाकी देशाला तो एका शहराचा घरगुती मामला वाटला. २००४ ला बॉस्टन आधीच्या राऊंडला यांकीजविरुद्ध ०-३ मागे पडून चार मॅच सलग जिंकलं आणि मग १९१८ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजही जिंकलं, तेव्हा सरासरी अडीच कोटी लोक. २०१६ ला शिकागो कब्ज जेतेपदासाठी १०८ वर्षं थांबलेले, समोर १९४८ पासून थांबलेलं क्लीव्हलँड, सातवी मॅच, दहाव्या इनिंगआधी पाऊस, आणि टीव्हीसमोर ४ कोटी. आणि २०२३ ला टेक्सास रेंजर्स–अ‍ॅरिझोना, सरासरी फक्त ९१ लाख. टेक्सासही तोवर एकदाही जिंकलेलं नव्हतं, पण ती वाट बाकीच्या देशापर्यंत कधी पोचवलीच गेली नव्हती. १९७८ च्या सरासरी ४.४ कोटींशी याची तुलना करणं मात्र अन्याय आहे, तेव्हा घरात मोजकीच चॅनल होती.

लोकल फॅनचं एक दुःख यात कायम राहतं. सहा महिने जो आवाज ऐकला तो नेमका ऑक्टोबरमध्ये टीव्हीवरून गायब होतो आणि त्याजागी दोन्ही टीमशी सारखंच वागायला बांधलेले देशपातळीवरचे कॉमेंटेटर येतात, ज्यांच्याबद्दल दोन्हीकडचे फॅन म्हणतात की हे समोरच्यांच्या बाजूने बोलतायत. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत एनबीसी वर्ल्ड सिरीजला टीमचे स्वतःचे कॉमेंटेटर सोबत बसवायची, ते नंतर थांबलं. १९८० ला फिलाडेल्फिया जिंकलं तेव्हा करारामुळे त्यांच्या लाडक्या कॉमेंटेटर हॅरी कॅलसना रेडिओवरही मॅच सांगता आली नाही, शहर इतकं चिडलं की पुढच्या वर्षीपासून रेडिओपुरता नियम बदलावा लागला.

खेळाडूंना चेहरा म्हणून पुढे करायला लीगने खूप उशीर केला. १४ ऑक्टोबर २०१५ ला टोरोंटोच्या होजे बाउटिस्टाने होमरन मारून बॅट भिरकावली तेव्हा जुन्या लोकांनी उद्धटपणा म्हणून नावं ठेवली, पण तीन वर्षांत लीगच्याच प्लेऑफच्या जाहिरातीत जुना स्टार केन ग्रिफी ज्युनियर येऊन पोरांना खेळू द्या म्हणत होता. २०२३ ला पिच क्लॉक, म्हणजे पिचरला ठरलेल्या वेळात बॉल टाकायला लावणारं घड्याळ, आलं, रेग्युलर सीझनची नऊ इनिंगची मॅच ३ तास ४ मिनिटांवरून २ तास ४० मिनिटांवर आली, आणि ज्यांना दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असतं त्यांना शेवट बघायला मिळू लागला, हे कुठल्याही प्रोमोपेक्षा जास्त उपयोगी पडलं असावं.

आता 'देशभरचा' हा शब्दही अपुरा पडायला लागलाय. जपानचा स्टार शोहेई ओहतानी डॉजर्सकडे गेल्यावर २०२४ ला यांकीजविरुद्धच्या वर्ल्ड सिरीजला अमेरिकेत सरासरी १.५८ कोटी आणि जपानमध्ये १ कोटीच्या वर प्रेक्षक होते, आणि तिकडे मॅच सकाळी नऊला सुरू होते. २०२५ ला डॉजर्ससमोर कॅनडातलं टोरोंटो होतं, तिसरी मॅच १८ इनिंग चालली, सातवी ११ इनिंगला ५-४ अशी संपली, आणि त्या शेवटच्या मॅचला अमेरिका, कॅनडा, जपान मिळून ५ कोटींच्या वर लोक होते. फॉक्सच्या दृष्टीने यात पेच असा की टोरोंटोचा प्रेक्षक अमेरिकन रेटिंगमध्ये धरलाच जात नाही, म्हणजे दोनपैकी एका टीमचं अख्खं घर मोजणीच्या बाहेर. ते घर कॅनडातल्या स्पोर्ट्सनेट चॅनलकडे जातं, आणि ज्या रॉजर्स कंपनीचं ते चॅनल आहे तीच ब्लू जेजची, म्हणजे टोरोंटोच्या टीमची, मालक आहे.