औषधाऐवजी अंगारा : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

पुण्यात कुणाचा ताप आठवडाभर हटला नाही की घरातलं कुणीतरी आवाज खाली आणून म्हणतंच, “एकदा बाहेरचंही बघून या.” बाहेरचं म्हणजे काय, हे सदाशिव पेठेत वाढलेल्याला समजावावं लागत नाही आणि वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेल्यालाही नाही. मग एखाद्या महाराजांचं नाव निघतं, गुरुवार किंवा अमावस्या ठरते, लिंबू-नारळ पिशवीत पडतात. यातला एखादा बुवा “गोळ्या बंद करा, श्रद्धा ठेवा” असं सांगू लागला की बातमी होते आणि श्रद्धा विरुद्ध विज्ञान अशी भांडणं जुंपतात. मला ती मांडणी तोकडी वाटते. आपल्याकडे बहुतेकांनी पूर्वापार दोन्ही केलं आहे. आमची आजी आधी कपाळाला अंगारा लावायची आणि मग रिक्षा बोलवायला पिटाळायची. भांडण आहे ते ‘ऐवजी’ या एका शब्दाचं.

थोरले माधवराव पेशवे राजयक्ष्म्याने, म्हणजे क्षयाने, खंगले तेव्हा ते थेऊरला चिंतामणीपाशी जाऊन राहिले. वैद्य होते, अनुष्ठानंही होती. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी ते तिथेच गेले. त्या काळी क्षयावर जगात कुठेच इलाज नव्हता, त्यामुळे देवाच्या दारी जाऊन त्यांनी कुठलं औषध नाकारलं असं म्हणता येत नाही. आज तोच निर्णय घेणाऱ्याची गोष्ट वेगळी, कारण क्षयाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात.

ही सरमिसळ भाषेतही मुरलेली आहे. ‘उतारा’ म्हणजे विषावरचं औषध आणि उतारा म्हणजे तिठ्यावर ठेवलेला भात-लिंबूही. पटकी आली की मरीआईचा गाडा वेशीबाहेर घालवायचा. अंगावर फोड आले की ‘देवी आल्या’, आणि त्यावरची लस टोचून घेणं म्हणजे ‘देवी काढणं’. भारतातली देवीची पहिली लस १८०२ साली मुंबईत टोचली गेली. पुढे लस घराघरांत पोचली, पण रोगाचं नाव देवीचंच राहिलं आणि फारसं कुणाचं काही बिघडलं नाही. जानेवारी २०२१ मध्ये करोनाच्या लशीचे पहिले ट्रक पुण्यातल्या कारखान्यातून भल्या पहाटे निघाले, तेही पूजा झाल्यावर.

मग डॉक्टरवरचा अविश्वास आला कुठून? त्याची सगळी कारणं अज्ञानात शोधू नयेत. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोग कायदा झाला आणि पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी रँड या इंग्रज अधिकाऱ्याची नेमणूक झाली. गोरे सोजीर घरात, देवघरात शिरून तपासणी करायचे, संशयिताला उचलून छावणीत न्यायचे, सामान जाळायचे. लोकांनी रोगी लपवले. २२ जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, हे शाळेत शिकवतात. या साथीत उपचाराने दार ठोठावलं ते बंदुकीसकट, हे मात्र शिकवताना निसटतं. त्याच साथीत सावित्रीबाई फुले मुलगा डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात रोग्यांची शुश्रूषा करत होत्या. मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन आल्या, स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्चला गेल्या. त्याच शहरात, त्याच महिन्यांत वैद्यकाचे हे दोन चेहरे होते. लोकांच्या मनावर कुठला जास्त ठसला, कोण जाणे.

अविश्वास एकवेळ समजू शकतो, पण बुवाकडे ‘गुण’ येतो त्याचं काय? खरोखरच येतो, आणि धंद्याचं मर्म तिथेच आहे. कावीळ घ्या. दूषित पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. बुवा आंब्याच्या सालीचा रस हातांना चोळतो, मग चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो. पाणी पिवळंधमक होतं. कावीळ उतरताना डोळ्यांनी दिसली! प्रत्यक्षात साल आणि चुना एकत्र आले की पिवळा रंग येतोच, रोगी असो वा नसो. मात्र याच काविळीचा एक प्रकार, हेपटायटिस ई, गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकतो. त्यावर अनेक वर्षं संशोधन करणारी राष्ट्रीय विषाणू संस्था पुण्यातच आहे.

सापाचंही तसंच. बहुतेक साप बिनविषारी, आणि विषारी सापाच्या प्रत्येक दंशात विष उतरतंच असं नाही. तेवढे सगळे मांत्रिकाच्या खात्यात जमा. घोणस किंवा मण्यार खरोखर चावली असेल तर प्रतिसर्पविष जितकं लवकर मिळेल तितकं बरं, आणि मंत्रात गेलेला प्रत्येक तास जिवावर बेतू शकतो. कुत्र्याचा प्रकार त्याहून वाईट. रेबीजची लक्षणं दिसायला आठवडे, कधी महिने लागतात. तोवर गंडा बांधलेला माणूस ठणठणीत हिंडतो आणि चार जणांना बुवाचा पत्ता देतो. लक्षणं दिसल्यावर मात्र जवळपास कुणीच वाचत नाही. तेव्हा बुवाचं उत्तर तयार असतं, पथ्य मोडलं असणार.

या सगळ्यावर कायदा मागणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः एमबीबीएस होते आणि साताऱ्यात त्यांनी बारा वर्षं दवाखाना चालवला होता. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. कायद्याचा मसुदा वर्षानुवर्षं रखडला, कारण वारी, कीर्तन, सत्यनारायण यांवर बंदी येणार असा बोभाटा झाला होता. २० ऑगस्ट २०१३ च्या सकाळी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला. चारच दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. खुनाचा निकाल लागायला १० मे २०२४ उजाडलं. पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघे निर्दोष सुटले.

कायद्यात शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, आणि प्रार्थना, प्रदक्षिणा, कीर्तन यांना स्पष्ट सूट आहे. उपचारांविषयीचं कलम नीट वाचावं असं आहे. कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्याला वैद्यकीय उपचारांपासून रोखून ‘त्याऐवजी’ मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा गुन्हा. रोखल्याशिवाय गुन्हा नाही. मधुमेह, कर्करोग, फीट यांची नावं या कलमात नाहीत. तिथे चमत्काराच्या नावाने फसवणूक केल्याचं कलम लावावं लागतं, किंवा १९५४ चा जादूई उपायांच्या जाहिरातींविषयीचा केंद्रीय कायदा. त्याच्या यादीत हे तिन्ही रोग आहेत, जादूई उपायांत मंत्र, ताईत आणि कवच मोडतात आणि जाहिरातीच्या व्याख्येत तोंडी घोषणाही येते. माइकवरून दिलेलं आश्वासन त्यात बसू शकतं. बंद खोलीत, कानाशी, “गोळ्यांनी कुठं बरं वाटलं तुम्हाला?” एवढंच विचारणारा बुवा मात्र दोन्हींतून निसटतो.

अंमलबजावणीसाठी पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी असतो. पण त्याच्यापर्यंत आधी कुणीतरी तक्रार न्यायला हवी, आणि रोग्याला बुवाकडे नेणारी बहुधा त्याची आईच असते, नाहीतर भाऊ.