शालिवाहनाची मातीची फौज

पैठण म्हटलं की आधी पैठणी डोळ्यांपुढे येते, आणि ते रास्तच आहे. पदराची नक्षी विणताना प्रत्येक रंगाची वेगळी कांडी लागते. रंग बदलतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. म्हणून मोर असो की कमळ, पदर उलटा करून पाहिला तरी तसाच दिसतो. आज बहुतेक पैठण्या येवल्यात विणल्या जातात. पण पैठणच्या दंतकथेत विणकर नाही, कुंभार आहे.

गोदावरीच्या डोहातला शेषनाग एका ब्राह्मणकन्येवर भाळला. तिला झालेला मुलगा, म्हणजे शालिवाहन, कुंभाराच्या घरी वाढला, खेळता खेळता मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करू लागला. उज्जैनचा विक्रम राजा चालून आला तेव्हा त्या मातीच्या फौजेत प्राण आले. विक्रम हरला, आणि नर्मदेच्या उत्तरेला विक्रम संवत, दक्षिणेला शालिवाहन शक अशी वाटणी झाली. चौदाव्या शतकात जैन आचार्य जिनप्रभसूरींनी प्रतिष्ठानच्या, म्हणजे पैठणच्या, कथा लिहून ठेवल्या. त्यांच्या कथेतला मुलगा सवंगड्यांना मातीची वाहनं वाटतो, म्हणून तो सातवाहन!

आता इतिहास. गुढीपाडव्याला बदलणारा आपला शक इ.स. 78 पासून मोजतात. पण बदामीच्या लेण्यातला इ.स. 578 चा लेख ही वर्षं शक नावाच्या परकीय लोकांच्या राजाच्या अभिषेकापासूनची असल्याचं सांगतो. शालिवाहनाचं नाव त्याला फार पुढे चिकटलं. लढाई मात्र खरोखर झाली. पैठणच्या सातवाहन घराण्यातल्या गौतमीपुत्र सातकर्णी राजाने नहपान या शक क्षत्रपाला, म्हणजे शक सत्ताधीशाला, हरवलं, आणि त्याचा पुरावा 1906 साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीत सापडला. नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी, आणि त्यातल्या जवळपास दोन तृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा ठोकलेला छाप. एका बाजूला नहपानाच्या चेहऱ्यावरच तीन कमानींचा डोंगर उमटवलाय. कडेने जुन्या राजाचं नाक, गाल अजून डोकावतात. दुसऱ्या बाजूच्या खुणेला नाण्यांचे अभ्यासक ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात. हरलेल्या राजाचा पैसा न वितळवता आपल्या नावाने चालवणं, याहून ठसठशीत विजयपत्र मला तरी माहीत नाही.

आणि माती? पैठण, तेर, नेवासा इथे सातवाहन काळाच्या थरांत मातीच्या मूर्ती निघाल्या आहेत: जनावरं, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रिया. काही लाल, काही पांढऱ्या. लाल रंग लोहाचा. भट्टीत हवा मिळाली की मातीतलं लोह तांबडं होतं. पांढऱ्या मूर्ती केओलिन नावाच्या पांढऱ्या मातीच्या. त्या मातीत लोह अगदी कमी, कणही बारीक, त्यामुळे कानातल्या डुलापर्यंत सगळं साच्यातून स्वच्छ उतरतं.

यातल्या बऱ्याच मूर्ती पोकळ आहेत, आणि खरी करामत तीच. जाड, भरीव मूर्ती आतपर्यंत नीट वाळत नाही. भट्टीत आत उरलेल्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळत नाही आणि मूर्ती फुटते. त्यावर कारागिरांनी दोन साचे केले, एक पुढचा, एक मागचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, थोडं वाळू द्यायचं. वाळताना माती आक्रसते आणि आपोआप साच्यापासून सुटते. मग दोन्ही अर्धे भाग पातळ चिखलाने जोडायचे, सांधा बोटाने पुसायचा. ही रीत रोमन व्यापाराबरोबर आली असावी, असं अनेक अभ्यासकांना वाटतं. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या वृत्तान्तात पैठण गुजरातेतल्या भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर असल्याची नोंद आहेच.

साच्यामुळे एकासारख्या एक मूर्ती भराभर निघतात. हत्तीमागे हत्ती, घोड्यामागे घोडा ओळीने वाळत पडलेले ज्यांनी पाहिले, त्यांना ती फौज वाटली असेल तर नवल नाही. कथेचं बीज तिथेच असावं, असं मला मनापासून वाटतं.

यंदाच्या दिवाळीत किल्ल्यावरचा मावळा हातात घेऊन पाहा. कानामागून खांद्यावरून खाली उतरणारी एक बारीक रेघ बोटाला लागेल. तो दोन साच्यांचा सांधा आहे.