पाथ बरोबर, तरी नोड सापडत नाही

एक्सएसएलटीत, म्हणजे एक्सएमएल डॉक्युमेंटचं रूपांतर करणाऱ्या भाषेत, नोडपर्यंतचा (डॉक्युमेंटच्या झाडातल्या घटकापर्यंतचा) पाथ नीट लिहिलेला असतो, एलिमेंटची नावं जुळतात, आणि तरीही शोध फसतो. अशा वेळी आधी कॉन्टेक्स्ट तपासावा, म्हणजे प्रोसेसर त्या क्षणी कशावर उभा आहे ते पाहावं. तिरक्या रेघेने सुरू होणारा पाथसुद्धा याला अपवाद नाही. ती रेघ म्हणजे 'मी ज्या झाडात आहे त्याचं मूळ'. झाडच नसेल तर मूळ कुठून मिळणार?

समजा, एका मागणीत 'अ१ ब७ क३' असे कोड एकाच ओळीत आहेत. ते टोकनाइझ फंक्शनने सुटे केले, फॉर-ईचने एकेक घेतला आणि आत //वस्तू[@कोड = .] असं लिहिलं. इथे दोन चुका एकमेकींच्या आड लपल्या आहेत. फॉर-ईचच्या आत कॉन्टेक्स्ट नोड राहिलेला नाही, 'अ१' ही नुसती स्ट्रिंग आहे, म्हणून एक्सपीटीवाय००२० ही एरर येते. ती घालवण्यासाठी पाथला मूळ दिलं, तरी चौकटी कंसातला टिंब (टिंब म्हणजे त्या क्षणीचा कॉन्टेक्स्ट) 'अ१' नसतो. कंसात शिरताच टिंब म्हणजे तपासली जाणारी वस्तू. कोडची तुलना त्या वस्तूच्याच मजकुराशी होते, उत्तर रिकामं येतं आणि एररही येत नाही. ही दुसरी चूक खरी घातक.

उपाय सोपा आहे. टेम्प्लेटच्या बाहेर 'मूळ' नावाचा ग्लोबल व्हेरिएबल करून त्यात '/' ठेवा. फॉर-ईचमध्ये शिरताच टिंब $कोड मध्ये साठवा आणि $मूळ//वस्तू[@कोड = $कोड] असं शोधा. कंसात करंट फंक्शन वापरलं तरी चालतं, पण नाव दिलेला व्हेरिएबल सहा महिन्यांनीही वाचता येतो.

आधी ठरवलेल्या किल्लीवरून नोड शोधणाऱ्या 'की' फंक्शनचंही तसंच. दोन आर्ग्युमेंट दिले तर ते कॉन्टेक्स्ट नोडच्याच डॉक्युमेंटमध्ये शोधतं. २००७ साली आलेल्या २.० आवृत्तीपासून तिसऱ्या आर्ग्युमेंटमध्ये $मूळ देता येतं. १.० मध्ये मात्र आधी फॉर-ईचने त्या डॉक्युमेंटवर जावं लागतं. व्हेरिएबलमध्येच तयार केलेल्या आणि टाइप सांगणाऱ्या 'अ‍ॅज'मध्ये एलिमेंट हा टाइप दिलेल्या झाडात शोधलं तर वर डॉक्युमेंट नोड नसतो आणि एक्सटीडीई१२७० येते. तो 'अ‍ॅज' काढला की डॉक्युमेंट नोड आपोआप तयार होतो.

नाव घेऊन बोलावल्या जाणाऱ्या टेम्प्लेटमधला कोड उचलून एक्सएसएल फंक्शनमध्ये टाकला की तो मोडतो, याचंही कारण हेच. टेम्प्लेटला बोलावणाऱ्याचा कॉन्टेक्स्ट मिळतो, फंक्शनला काहीच मिळत नाही. मग एक्सपीडीवाय०००२ येते. तिथे नोड पॅरामीटर म्हणूनच द्यावा.

कारण हाती लागत नसेल तर शोधाच्या अगदी आधीच्या ओळीत एक्सएसएल मेसेज टाका. टिंब नोड आहे का हे 'इन्स्टन्स ऑफ'ने छापा आणि नोड असेल तर त्याच्या मुळाशी कोणतं एलिमेंट आहे तेही छापा. फंक्शनच्या आत टिंब छापू नका, तीच एरर पुन्हा येईल. तिथे पॅरामीटर छापा. छापलेलं सगळं बरोबर असूनही उत्तर रिकामं असेल, तर नेमस्पेस पाहा, म्हणजे एलिमेंटचं नाव कोणत्या नामसंचातलं आहे ते.