गोदावरीचा गाळ अडतो कुठे?

जायकवाडीत किती गाळ साचला, यावर मराठवाड्यात अधूनमधून चर्चा रंगते. पण तो अडला नसता तर कुठे गेला असता? त्र्यंबकेश्वरपासून १४६५ किलोमीटर वाहून गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. धवळेश्वरच्या बंधाऱ्याखाली तिचे गौतमी आणि वसिष्ठ असे दोन मुख्य फाटे होतात. तिथला त्रिभुज प्रदेश, कोनसीमेतल्या नारळीबागा आणि भातखाचरांसकट, या गाळाचाच बनला आहे. त्यात आपल्या दख्खनच्या काळ्या बेसाल्टची माती भरपूर.

ही जमीन स्थिर नसते. ओला गाळ स्वतःच्या वजनाने दबत राहतो, म्हणजे जमीन खचत जाते. दर पुराबरोबर नवा थर आला तरच ती समुद्रपातळीच्या वर टिकते. १९७०च्या दशकात गोदावरी वर्षाला सुमारे १५ कोटी टन गाळ वाहून आणायची. १९९०च्या दशकात हा आकडा सहा कोटी टनांच्या आसपास आला. पावसात इतकी घट झालेली नव्हती. गाळ जायकवाडी, पोचमपाडसारख्या धरणांत अडत होता. आणि याच काळात तापमानवाढीमुळे समुद्र चढतो आहे: २००६ ते २०१८ दरम्यान जगभरात सरासरी वर्षाला ३.७ मिलिमीटरने. खाली जाणारी जमीन आणि वर येणारे पाणी यांची बेरीज होते, म्हणून नुसत्या समुद्रपातळीच्या आकड्यावरून डेल्टाची खरी अवस्था कळत नाही.

काकिनाड्याजवळचे उप्पाडा हे मासेमारांचे आणि जामदानी साड्यांचे गाव. लाटांनी तिथली घरे गिळली, किनाऱ्याचा रस्ता तर पुन्हा पुन्हा उखडला. (उप्पाड्याच्या धुपीचे सगळे खापर धरणांवर फोडता येणार नाही, काकिनाड्यासमोर समुद्रात गेलेल्या वाळूच्या लांबट दांड्याची वाढही प्रवाह बदलते.) दगडी बांध घातला की तेवढा तुकडा वाचतो, पण शेजारचा किनारा जास्त झिजतो.

गोदावरीच्या मुखाशी असलेल्या कोरिंगाच्या खारफुटीचे गणित आणखी नाजूक आहे. मुळांमध्ये गाळ धरून ती समुद्राबरोबर वर चढू शकते. गाळ कमी पडला की तिला मागे, जमिनीकडे सरकावे लागते. पण मागे बऱ्याच ठिकाणी कोळंबीची तळी आहेत. मासेमार मांजराचे हे हक्काचे रान अशा कोंडीत सापडते. गावांच्या विहिरींतही खारे पाणी शिरते.

आता राजमहेंद्रीच्या वर पोलावरम धरण उभे राहते आहे. प्राणहिता, इंद्रावती, शबरी या तिन्ही उपनद्या त्याच्या वरच गोदावरीला मिळतात, म्हणजे त्यांचा गाळही आता या भिंतीपाशी येऊन थबकणार.